लाल पडलेली मासळी

घिवलीच्या आमच्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणजे खारवलेली मासळी. एखाद्या दमट वर्षी मुशीच्या तुकड्यांवर गुलाबी लाली चढायची. आजी वास घेऊन म्हणायची, "लाल पडली," आणि टोपली बाजूला सारायची. किती दिवसांची मेहनत वाया गेली, ते तिच्या चेहऱ्यावर दिसे.

पुढे त्या लालीचा माग काढत गेलो, तो थेट मेंदूविज्ञानात पोहोचलो.

कॅनडात हॅरिसन आणि केनेडी यांनी १९२२ साली खारवलेल्या कॉड माशावरची अशीच लाली तपासली. तिच्या मुळाशी मिठातच वाढणारा सूक्ष्मजीव होता. आज त्याला हॅलोबॅक्टेरियम म्हणतात. आटत आलेल्या मिठागरांचे पाणी लालसर होते, त्यातही याच कुळाचा मोठा वाटा असतो. १९७१मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना त्याच्या जांभळ्या पटलात एक प्रथिन सापडले. त्यात रेटिनल होते. आपल्या डोळ्यांत प्रकाश टिपणारा रेणूही हाच. ऊन पडले की हे प्रथिन पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलते. त्याचेच एक भावंड, हॅलोऱ्होडॉप्सिन, क्लोराइड आत ओढते.

चेतापेशींचे सारे बोलणे अशा विद्युतभारित कणांच्या ये-जा करण्यावरच चालते. इलेक्ट्रोडने मेंदू चेतवला, तर शेजारच्या सगळ्याच पेशी जाग्या होतात. बाकीच्यांना धक्का न लावता एकाच प्रकारच्या पेशींवर ताबा मिळवण्याची गरज फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९मध्येच मांडली होती. उत्तर मिळाले ते शेवाळात. हेगेमान, नागेल आणि बामबेर्ग यांनी २००२-०३मध्ये एका हिरव्या शैवालातील प्रथिने ओळखली. प्रकाश पडताच ही प्रथिने पेशीचे दार उघडतात. २००५मध्ये डायसेरॉथ, बॉयडन आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या एकाचे जनुक चेतापेशींत घातले आणि निळ्या प्रकाशाच्या झोताने त्या पेशी हव्या तेव्हा चेतवून दाखवल्या. दोन वर्षांनी इजिप्तमधल्या सोडा-सरोवरातील सूक्ष्मजीवाचे हॅलोऱ्होडॉप्सिन वापरून, पिवळ्या प्रकाशाने पेशी गप्प करणेही साधले. हेच ऑप्टोजेनेटिक्स.

दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराने अंध झालेल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांच्या एका डोळ्यात शैवालाच्या अशाच प्रथिनाचे जनुक सोडल्याचे २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. खास चष्मा लावल्यावर त्यांना टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्या. चेहरे ओळखण्याइतकी दृष्टी अजून दूर आहे.

कॉडची लाली तपासणाऱ्यांच्या मनात ना मेंदू होता, ना अंधत्व. त्यांना फक्त मासळी का बिघडते, एवढेच हवे होते. तेच आजीलाही हवे होते. फरक इतकाच, की तिचा प्रश्न टोपलीबरोबर उकिरड्यावर गेला.