लिंकनची निवडणूक आणि एक बनावट चोपडी

१८६३ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असता, न्यूयॉर्कमध्ये ७२ पानांची एक निनावी चोपडी निघाली. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहसंबंधांतच राष्ट्राचा उत्कर्ष आहे, आणि लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने त्यांचा उघड पुरस्कार करावा, असे तीत मोठ्या गांभीर्याने प्रतिपादिले होते. या वर्णमिश्रणास ‘मिसेजिनेशन’ असा शब्दही नवाच घडविला होता.

लेखक कोणी कडवा गुलामगिरीविरोधक असावा, असेच कोणासही वाटेल. मुळीच नाही! क्रोली व वेकमन हे तिचे कर्ते ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या विरोधी, डेमोक्रॅटिक पत्रात नोकरीस होते. चोपडीच्या प्रती त्यांनी गुलामगिरीविरोधी पुढाऱ्यांकडे अभिप्रायार्थ धाडल्या, आणि काही भोळ्यांनी अनुकूल पत्रेही लिहिली. लिंकन कसलेला वकील. त्याने चकार शब्द काढला नाही. फेब्रुवारी १८६४ मध्ये सॅम्युअल कॉक्सने प्रतिनिधिगृहात हीच चोपडी पुरावा म्हणून पुढे केली. पुढे गोरे रिपब्लिकन काळ्या स्त्रियांसह नाचत आहेत अशी चित्रेही विकावयास आली. दक्षिणेतील मळेवाल्यांपासून गुलाम स्त्रियांना झालेली मुले गावोगाव होती. त्यांची लाज मात्र या मंडळींस वाटल्याचे आम्हांस आढळत नाही.

नोव्हेंबरात लिंकन २१२ विरुद्ध २१ मतांनी निवडून आला. युक्ती फसली, शब्द राहिला. अशा विवाहांना गुन्हा ठरविणारे कायदे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. व्हर्जिनियातील तसला कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो १९६७ साली.