भाषेच्या तासाला बोलायचे कोणी?

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक शाळांच्या वर्गांचे भाषिक चित्र बदलते. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात दाखल होतात आणि कोप्यांमधील काही मुले जवळच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन बसतात. 'व्हतं', 'न्हाय' म्हणणाऱ्या स्थानिक मुलाच्या शेजारी 'काय करायलास?' असे विचारणारा मराठवाड्यातील मुलगा असतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या वर्गात घरी हिंदी बोलणारे मूलही भेटते. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी या तिघांपैकी कोणाच्याच घरची नसते. पुढच्या तासाला इंग्रजी सुरू होते आणि ती तर सर्वांनाच परकी. अशा वर्गात भाषा शिकवायची म्हणजे शिक्षकाने नेमके काय करायचे आणि विद्यार्थ्याने काय करायचे, हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राच्या पुस्तकापुरता उरत नाही. वर्गात मूल बोलते होणार की गप्प बसणार, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

पद्धत म्हणजे भूमिकांची वाटणी

भाषाअध्यापनाच्या पद्धतींची चर्चा बहुधा पुस्तके, तक्ते, संगणक अशा साधनांभोवती फिरते. मात्र, जॅक रिचर्ड्स आणि थिओडोर रॉजर्स या अभ्यासकांनी १९८६ मध्ये विविध पद्धतींची तुलना करताना एक वेगळा निकष पुढे आणला. प्रत्येक पद्धत शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला कोणती भूमिका देते, हे त्यांनी तपासले. वर्गात बोलणार कोण, प्रश्न विचारणार कोण, चूक दुरुस्त करणार कोण, पुढे काय शिकायचे हे ठरवणार कोण, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की पद्धतीचे खरे स्वरूप कळते. या कसोटीवर पाहिल्यास नव्या साहित्याने सजलेला वर्गही जुन्याच पद्धतीने चालत असल्याचे अनेकदा दिसून येते.

पाठांतराची परंपरा

भाषेच्या शिक्षणातील सर्वांत जुनी पद्धत पाठांतराची. बारामतीला या परंपरेची मोठी पार्श्वभूमी आहे. पन्हाळ्याला जन्मलेले पंडित कवी मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने बारामतीत स्थायिक झाले आणि त्यांची बहुतेक काव्यरचना येथेच झाली. त्या काळातील विद्या गुरुमुखातून येत असे. गुरूने म्हणायचे, शिष्याने म्हणायचे, आणि अर्थ मागाहून उलगडायचा, असा तो क्रम होता. पुढे पंतोजींच्या शाळांत उजळणी आणि धूळपाटीच्या रूपाने तो टिकून राहिला.

पाठांतराला आज सरसकट नावे ठेवली जातात. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जातो. दिंडीत चालणारे लहान मूल अभंग शिकते, ते कोणी शिकवतो म्हणून नव्हे. ते आधी नुसते टाळ धरते, मग ध्रुपदाला सूर मिळवते आणि काही दिवसांनी पूर्ण चरण म्हणू लागते. त्याच्या चुकीसाठी कोणी दिंडी थांबवत नाही. पाठांतर येथेही आहे, परंतु त्याला सोबत आहे, अर्थ आहे आणि प्रसंग आहे. वर्गातील पाठांतरातून हे तिन्ही वजा झाले की मागे केवळ घोकंपट्टी उरते.

व्याकरणाकडून सरावाकडे

इंग्रजी अमलात व्याकरण-भाषांतर पद्धत रूढ झाली. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १८६० च्या दशकात लिहिलेल्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. नियम, शब्दसूची, भाषांतराची वाक्ये अशी ही रचना विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवली. यात शिक्षक नियमांचा अधिकारी, तर विद्यार्थी नियम लागू करणारा असतो. ग्रंथ वाचण्यासाठी ही पद्धत उपयुक्त ठरली. मात्र बोलण्याला तिच्यात फारसे स्थान नव्हते.

त्याची प्रतिक्रिया म्हणून प्रत्यक्ष पद्धत आली. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवून वस्तू, कृती आणि चित्रांद्वारे नवी भाषा शिकवावी, असा तिचा आग्रह होता. स्वातंत्र्योत्तर काळात भारतात रचना पद्धतीचा प्रसार झाला. सोप्याकडून कठीणाकडे लावलेल्या वाक्यरचना शिक्षकाने म्हणायच्या आणि वर्गाने एका सुरात पुन्हा म्हणायच्या, हे दृश्य आजही अनेक शाळांत पाहायला मिळते. येथे मुले बोलतात, पण स्वतःचे काही बोलत नाहीत. शिक्षक बँडच्या संचालकासारखा उभा असतो आणि चूक झाली की लगेच हात वर करून सूर थांबवतो.

चूक म्हणजे काय?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस या चुकीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असे मांडले, की विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याचा पुरावा असतो. मराठी घरांत हे रोज अनुभवाला येते. लहान मूल 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणते. 'करलं' हे रूप घरात कोणी उच्चारलेले नसते. 'बसलं', 'पडलं', 'धरलं' यांतून नियम शोधून मुलाने ते स्वतः घडवलेले असते. आई त्याला रागावत नाही. 'हो, तू केलंस का?' असे म्हणून पुढे बोलत राहते. काही महिन्यांत मूल आपोआप 'केलं' म्हणू लागते.

शाळेत मात्र 'व्हतं' म्हणणाऱ्या मुलाला ही सवलत मिळत नाही. मुळात 'व्हतं' ही चूक नाही. ते बोलीतील नियमबद्ध रूप आहे. ते अशुद्ध ठरवले की मुलाला आपल्या घराचीच भाषा अशुद्ध वाटू लागते. असे मूल हळूहळू बोलणे कमी करते, आणि जे बोलत नाही त्याला वाचणे व लिहिणेही जड जाते.

नीरेपलीकडचा धडा

याबाबतचे एक महत्त्वाचे काम बारामतीच्या शेजारीच झाले आहे. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका लागतो. अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील विविधतेचा अभ्यास करून १९७३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. संस्थेचे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा १९८० च्या दशकात सुरू झाली. लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांना मराठी शिकवण्यासाठी पुस्तकेही तयार केली. त्यामुळे मराठी ही परकी भाषा म्हणून शिकणारा प्रौढ आणि बोलीतून प्रमाण मराठीकडे येणारे मूल, असे दोन्ही विद्यार्थी त्यांनी जवळून पाहिले होते.

या कामाचा गाभा असा, की मुलाची बोली वर्गात सन्मानाने येऊ द्यावी, वाचन पहिल्या दिवसापासून अर्थपूर्ण असावे आणि मुलांनी स्वतःच्या मनातले लिहावे. वाचनाच्या प्रारंभी अक्षरगटांचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्णमालेच्या क्रमाने क, ख, ग, घ शिकवले तर मुलाला बराच काळ वाचण्याजोगे काही सापडत नाही. याउलट म, क, ल, ब ही चार अक्षरे आणि काना एवढेच घेतले, तरी मका, काम, मामा, काका, लाल, बाक, माल, कमाल, बालक असे कितीतरी शब्द तयार होतात. मूल पहिल्याच आठवड्यात वाचणारे होते. शिक्षकाचे काम अक्षरे निवडण्याचे. शब्द शोधण्याचे काम मुलाचे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने आणि पुढे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनीही विद्यार्थ्याला कर्तेपण देण्याची वाट आपापल्या रीतीने पुढे नेली.

कोपीतले शब्द

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ही दृष्टी अधिकच निकडीची आहे. २००० च्या दशकात जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि अशा मुलांना नियमित शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश देणे बंधनकारक झाले. प्रवेशाचा प्रश्न कागदावर सुटला, पण वर्गातील भाषेचा प्रश्न शिल्लक राहिला. मधल्या काळात धडे पुढे गेलेले असतात, मूल नवखे असते आणि चार-पाच महिन्यांनी ते परत जाणार, हे सर्वांना माहीत असते.

तरीही हे मूल रिकाम्या हाताने आलेले नसते. कोयता, मोळी, वाढे, कोपी, टोळी, मुकादम, उचल असा शब्दांचा मोठा साठा त्याच्याजवळ असतो. बागायतदाराच्या मुलालाही यातले अनेक शब्द ठाऊक असतात. ते फळ्यावर आले, की दोन्ही मुलांना एकमेकांशी बोलण्यासाठी समान विषय मिळतो. 'करायलास' आणि 'करतोस' यांची तुलना करणे हा व्याकरणाचा उत्तम पाठ ठरू शकतो. त्या पाठात नवखा मुलगा माहिती देणारा असतो आणि शिक्षक ऐकणारा.

इंग्रजीचा तास

राज्यात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयापूर्वी मराठी शाळांत पाचवीपासून इंग्रजी शिकवली जात असे. पुढे सेमी-इंग्रजी वर्गांचे लोण ग्रामीण भागातही पोहोचले. पालकांची अपेक्षा रास्त आहे. पण शिक्षकालाच इंग्रजी सफाईने बोलता येत नसेल तर तास शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात संपतो.

येथे डॉ. एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ या काळातील बंगळूर प्रकल्प मार्गदर्शक ठरतो. दक्षिण भारतातील सर्वसाधारण शाळांत त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना सोडवण्यासाठी कामे दिली. वेळापत्रक वाचणे, नकाशावर मार्ग शोधणे, हिशेब लावणे अशी ही कामे होती. आधी शिक्षक तसेच एक काम वर्गासमोर सोडवून दाखवत असे, मग मुले स्वतंत्रपणे करत. बारामती एसटी स्थानकाचे वेळापत्रक असे साधन म्हणून सहज वापरता येईल. इंदापूरला दुपारी बारापूर्वी पोहोचायचे असेल तर कोणती गाडी धरावी, हा प्रश्न इंग्रजीत सोडवताना मुलाचे लक्ष उत्तरावर असते आणि भाषा ओघाने येते. अडल्यास मुलाने मराठीत विचारावे. त्याने काही बिघडत नाही.

चौकट : कोणत्या पद्धतीत कोण काय करतो?

- पाठांतर : शिक्षक सांगतो, विद्यार्थी स्मरणात साठवतो.
- व्याकरण-भाषांतर : शिक्षक नियम देतो, विद्यार्थी ते लागू करतो.
- प्रत्यक्ष पद्धत : शिक्षक कृतीतून दाखवतो, विद्यार्थी अर्थ ताडतो.
- रचना पद्धत : शिक्षक नमुना देतो, विद्यार्थी पुन्हा म्हणतो.
- कार्याधारित व संवादात्मक पद्धत : शिक्षक प्रसंग उभा करतो, विद्यार्थी भाषेने काम साधतो.
- ज्ञानरचनावाद : शिक्षक ऐकतो व सुविधा पुरवतो, विद्यार्थी पूर्वज्ञानातून नवे रचतो.

शिक्षकापुढील अडचणी

ही वाट सोपी नाही. कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. साहजिकच वाड्या-वस्त्यांवर एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. अहवाल, सर्वेक्षणे आणि इतर कामे असतातच. मुले बोलू लागली की वर्गात आवाज होतो, आणि शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही समजूत पालकांत अजूनही घट्ट आहे. दहावीच्या भाषा विषयांना कृतिपत्रिका आल्या, तरी त्यांचीही तयार उत्तरे पाठ करण्याकडे कल दिसतो.

राज्यात २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा एप्रिल २०२५ मधील निर्णय विरोधानंतर जूनअखेरीस मागे घेण्यात आला. या वादांत किती भाषा शिकवायच्या याची चर्चा भरपूर झाली. त्या कशा शिकवायच्या याची तुलनेने कमी झाली. पालकांनीही शाळेची पायरी चढताना माध्यमाबरोबरच आणखी एक गोष्ट विचारायला हवी. भाषेच्या तासाला आपले मूल स्वतःची किती वाक्ये बोलते? हंगाम संपून टोळी गावाकडे निघेल, तेव्हा कोपीतल्या मुलाच्या दप्तरात त्याने स्वतः लिहिलेले एखादे पान असेल, तर त्याच्या वाट्याचा भाषेचा तास सत्कारणी लागला असे म्हणता येईल.