पट्ट्यांचा पडदा आणि अडीचशे वर्षांची धूळ

आडव्या पट्ट्यांच्या पडद्याचं, म्हणजे व्हेनेशियन ब्लाइंड्सचं काम अडीचशे वर्षांत बदललेलं नाही. ऊन अडवायचं, वारा आत घ्यायचा आणि रस्त्यावरच्या नजरा बाहेर ठेवायच्या. बदलत गेल्या त्या पट्ट्या. आधी लाकडाच्या, मग ॲल्युमिनियमच्या, मग प्लास्टिकच्या. दर बदलाबरोबर या पट्ट्या पुसायचं कामही बदललं. कधी हलकं झालं, कधी दुसऱ्याच्या गळ्यात पडलं आणि एकदा तर त्या धुळीतच विष निघालं.

सुरुवातीच्या पेटंटांपैकी एक १७६० सालचं आहे. ते घेतलं गोविन नाइट यांनी. चुंबक आणि जहाजांची होकायंत्रं हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि ब्रिटिश म्युझियमचे ते पहिले मुख्य ग्रंथपाल. लवकरच हा पडदा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचला. १७६७ साली फिलाडेल्फियात जॉन वेबस्टर या लंडनहून आलेल्या कारागिराने त्याची जाहिरात दिली. हवा तो रंग मिळेल, पट्ट्या हव्या तशा वळतील, उजेड कमीजास्त करता येईल आणि शेजाऱ्यांना आतलं दिसणार नाही, असं त्याचं सांगणं होतं. पुसायचं कसं, हा प्रश्न गिऱ्हाइकापुढे उभाच राहत नव्हता. ज्यांना हा पडदा परवडायचा, त्यांच्या घरी नोकर असत, अमेरिकेत तर गुलामही असत.

काम मात्र किचकट होतं. रंगवलेल्या लाकडी पट्ट्या कापडी फितींच्या शिडीवर टेकलेल्या असत. ओलं फडकं जास्त फिरलं की लाकूड फुगायचं, रंगाचे पोपडे निघायचे. फिती धूळ आणि काजळी शोषून काळ्या पडायच्या, आणि अख्खा पडदा उतरवून पट्टी न् पट्टी ओढून काढल्याशिवाय त्या धुता येत नसत. कोळशावर तापणाऱ्या लंडनसारख्या शहरात तर खिडकीशी येणारी प्रत्येक झुळूक काजळी घेऊनच यायची. १८४१ साली न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसन यांनी पट्ट्यांचा कोन बदलण्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. पट्ट्या हव्या त्या कोनात स्थिर ठेवता येऊ लागल्या आणि त्यांची एक एक बाजू पुसणंही सोपं झालं.

आपल्याकडे पट्ट्यांची दुसरी जात रुजली. दोरीवर लोंबणारी नव्हे, तर खिडकीच्या झडपेतच बसवलेली. कोलकात्यात तिला खडखडी म्हणतात. मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये ती अजून दिसते. सगळ्या पट्ट्या एका उभ्या काठीला जोडलेल्या. काठी वर-खाली केली की सगळ्या एकदम उघडतात किंवा मिटतात. सुताराचं हे काम देखणं आणि टिकाऊ, पण त्याचीही निगा राखावी लागते. पट्टीची दोन्ही टोकं चौकटीत अडकलेली, त्यामुळे कोपऱ्यातली धूळ बोटाने किंवा काडीला फडकं गुंडाळूनच काढावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगतं. दर काही वर्षांनी ऑइल पेंटचा हात द्यावा, तर रंगाचे थर साचून पट्ट्या चौकटीत चिकटून बसतात. जुना रंग खरवडून मगच नवा लावणारा रंगारी म्हणूनच अशा घराला मोलाचा.

विसाव्या शतकात हा पडदा बंगल्यातून कचेरीत गेला आणि प्रश्नाचा आकार बदलला. १९३१ साली उघडलेल्या न्यूयॉर्कच्या १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंगला व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन व्हेनेशियन ब्लाइंड कंपनीने पडदे पुरवले. एवढ्या खिडक्यांच्या पट्ट्या पुसायला घरचे नोकर कुठून पुरणार? अमेरिकेत त्यासाठी वेगळा धंदाच उभा राहिला: ब्लाइंड्सची लाँड्री. माणसं घरी किंवा कचेरीत येत, पडदे उतरवून नेत, धुऊन वाळवत, झिजलेल्या फिती आणि दोऱ्या बदलत आणि पुन्हा टांगून देत. ज्यांना घरीच काम उरकायचं होतं त्यांच्यासाठी बोटांसारखे फाटे असलेले ब्रश बाजारात आले. एका फेरीत तीन-चार पट्ट्या पुसल्या जात.

पट्ट्यांमधून झिरपणारा धुळकट उजेड रुपेरी पडद्यावर अजरामर झाला तोही याच काळात. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) या चित्रपटात कॅलिफोर्नियातलं एक कोंदट घर दाखवायचं होतं. छायालेखक जॉन साइट्झ यांनी हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड सोडली, म्हणजे ब्लाइंड्समधून येणाऱ्या उन्हात धुळीचे कण चमकताना दिसतील.

दोनच वर्षांनी ॲल्युमिनियम खुद्द पट्ट्यांमध्येच उतरलं. हेन्री सोननबर्ग यांनी जो हंटर यांच्याबरोबर ॲल्युमिनियमच्या अखंड ओतकामाचं तंत्र विकसित केलं होतं. त्यातून १९४६ मध्ये हंटर डग्लस कंपनीच्या हलक्या ॲल्युमिनियम पट्ट्या बाजारात आल्या. पाण्याने न फुगणारी, सहज पुसली जाणारी ही पट्टी घराघरांत गेली. पुढे कापडी फितींची जागा बारीक दोऱ्यांनी घेतली आणि सगळ्यात मळणारा भागच गेला. पण पट्टीची रुंदीही घटली. ५० मिलिमीटरच्या पट्टीऐवजी २५ मिलिमीटरची आली, तशी तेवढ्याच खिडकीत पट्ट्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. १२० सेंटिमीटर उंचीच्या खिडकीला पूर्वी २८-३० पट्ट्या लागत, तिथे आता पंचावन्न-साठ. दोन्ही बाजू धरल्या तर शंभरावर पृष्ठभाग, आणि फडकं धरणारे हात तेवढेच.

मग आलं स्वस्त प्लास्टिक, आणि त्याबरोबर या इतिहासातलं सगळ्यात गंभीर प्रकरण. जून १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाने जाहीर केलं, की चीन, तैवान, इंडोनेशिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या व्हिनाइलच्या बारीक पट्ट्यांच्या पडद्यांमध्ये शिसं आहे. प्लास्टिक टिकावं म्हणून ते घातलं जायचं. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिकचा पृष्ठभाग विरत जाई आणि शिशाची धूळ पट्टीवर साचत राही. असे सुमारे अडीच कोटी पडदे दरवर्षी आयात होत होते. काही पडद्यांवर धूळ इतकी होती, की एक चौरस इंचापेक्षा कमी भागावरची धूळ लहान मुलाच्या पोटात रोज गेली, तर १५ ते ३० दिवसांत त्याच्या रक्तातलं शिसं धोक्याच्या पातळीला पोहोचू शकलं असतं. इथे फडक्याचा उपाय चालणार नव्हता. आज पुसलेली पट्टी उद्याच्या उन्हात नवी धूळ तयार करणार. सहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांनी हे पडदे काढून टाकावेत, असा सल्ला आयोगाने दिला आणि उत्पादकांनी शिशाविना पट्ट्या बनवायला घेतल्या.

आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बांधकामाची धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट वाफारा एकत्र येऊन पट्ट्यांवर जो चिकट थर चढतो, त्यावरही जुनेच धडे लागू पडतात. पट्ट्या एका बाजूला मिटवून वरून खाली कोरड्या मऊ फडक्याने पुसाव्यात, मग उलट बाजूला मिटवून दुसरी बाजू. आधीच पाणी लावलं तर धुळीचा चिखल होतो. चिकट थरासाठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब पुरतात, आणि पुसून लगेच कोरडं करावं. लाकडी पट्टीला पाणी नकोच. बारीक ॲल्युमिनियमची पट्टी मधोमध दाबली तर तिला कायमची घडी पडते, म्हणून मागून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याला फास ठरू शकते, ती उंचावर गुंडाळून ठेवावी.

भारतात पीव्हीसीमधल्या शिशावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, पण ते पाइप आणि त्यांच्या जोडण्यांपुरते आहेत. खिडकीचे पडदे त्यांत येत नाहीत. तेव्हा प्लास्टिकचे ब्लाइंड्स घेताना त्यात शिसं नसल्याचं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. आणि घरात लहान मूल असेल, खिडकीला जुन्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतील, तर त्या पुसत बसू नका, उतरवून टाका.