स्त्रीचे स्वामित्व आणि धंद्याची बरकत

दुकान पत्नीच्या नावे केल्यास धंदा बुडेल काय, असा प्रश्न मानखुर्दच्या एका ज्ञातिबंधूंनी मला केला. मी त्यांस 'लिज्जत'ची हकीकत सांगितली.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी उसन्या ८० रुपयांवर गच्चीत पापड लाटण्यास आरंभ केला. त्या दिवशी चार पाकिटे झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात; चार महिने काम बंद पडले. पुढील वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! ही युक्ती एखाद्या पेढीवाल्यास सुचली असती काय, याची मला शंकाच आहे.

खरी खुबी निराळीच. सकाळी भिजवलेले पीठ न्यावे, घरी सवडीने लाटावे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यावी. आणि लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण, नफ्यातोट्याची वाटेकरी. स्त्रीस घर सोडवत नाही, ही जी अडचण म्हणून सांगतात, तिच्यावरच ही व्यवस्था उभी राहिली. पहिल्या वर्षीची सहा हजारांची विक्री पुढे शेकडो कोटींवर गेली. अर्थात हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह छगनलाल पारेख या पुरुष मार्गदर्शकांचा होता, हेही नमूद केले पाहिजे.

"नाव पत्नीचे घालाल, गल्ल्याची किल्लीही देणार ना?" असे मी त्या गृहस्थांस विचारले. ते अद्याप उत्तर घेऊन आलेले नाहीत.