दुर्बीण हलविणारे हात

१७८३ सालच्या डिसेंबरची ३१ तारीख. इंग्लंडातील डॅचेट या खेड्यात संध्याकाळपासून आभाळ भरलेले होते. रात्री दहाच्या सुमारास ढगांतून काही तारे डोकावले आणि विल्यम हर्शेलच्या अंगणात एकच धांदल उडाली. हर्शेल आपल्या वीस फुटी दुर्बिणीच्या तोंडाशी उंचावर उभा राहिला आणि दुर्बीण किंचित बाजूस सरकवावी, अशी आज्ञा त्याने खाली असलेल्या आपल्या बहिणीला, कॅरोलिनला, केली. जमिनीवर वितळत्या बर्फाचा फूटभर थर होता. त्या काळोखात धावताना तिचा पाय घसरला आणि यंत्राच्या टोकाशी असलेला, खाटकाच्या दुकानात असतो तसला लोखंडी आकडा तिच्या गुडघ्याच्या वर मांसात रुतला. वरून भाऊ घाई करीतच होता. आपण आकड्यात अडकलो आहोत, एवढेच तिला सांगता आले.

ज्या आज्ञेपायी कॅरोलिन रक्तबंबाळ झाली, ती आज्ञा आज गच्चीवर खुर्ची टाकून बसलेला कोणीही हौशी निरीक्षक स्मार्टफोनच्या काचेवर बोट टेकवून देतो. शनी हवा असल्यास पडद्यावरील शनीला स्पर्श करावयाचा. चार हातांवरची दुर्बीण गुणगुणत वळते आणि शनीवर येऊन ठरते. मधल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत खाली धावणारे ते माणूस गेले कोठे, याचा शोध मोठा मनोरंजक आहे.

दुर्बीण एकदा रोखली की काम संपले, असे होत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे ताशी १५ अंश पश्चिमेकडे सरकतात, म्हणजे दर दोन मिनिटांस चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे. नुसत्या डोळ्यांस ते जाणवत नाही. पण शंभरपट मोठे करून दाखविणाऱ्या दुर्बिणीतून तारा पाहता पाहता पळून जातो. यावर पहिला पक्का उपाय जोसेफ फ्राउनहोफर या जर्मन भिंगकाराने केला. १८२४ साली डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे बसविलेल्या त्याच्या दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाशी समांतर होता आणि वजनावर चालणारे घड्याळ तिला त्या आसाभोवती ताऱ्यांच्या गतीने फिरवीत असे. पाठलागाचे काम अशा रीतीने घड्याळाकडे गेले.

तरीही माणूस सुटला नाही. याचे उदाहरण आपल्या हैदराबादेतच आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली उभारलेली निजामिया वेधशाळा १९०८ मध्ये निजाम सरकारकडे आली, आणि पुढे तिने आकाशाच्या जागतिक छायाचित्र-सूचीत दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांच्या पट्ट्याचे काम अंगावर घेतले. छायाचित्राची काच उघडी असेतोवर निरीक्षकाला जोडदुर्बिणीला डोळा लावून, मार्गदर्शक तारा तारांच्या फुलीवरून ढळू न देण्याची दक्षता घ्यावी लागे. घड्याळाला चालता येत होते. चुकले की नाही, हे मात्र त्याला कळत नव्हते.

ती जाण आली गणकयंत्रामुळे. १९७४ साली सुरू झालेली ऑस्ट्रेलियातील ३.९ मीटर व्यासाची दुर्बीण संगणकाच्या आज्ञेत चालणाऱ्या पहिल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक. पाठोपाठ रशियनांनी कॉकेशसमध्ये ६ मीटरची दुर्बीण तोफेसारख्या बैठकीवर चढविली. ही बैठक आडवी आणि उभी, अशा दोनच दिशांनी फिरते. बांधावयास सोपी, पण तारा धरून ठेवायचा तर दोन्ही गती क्षणोक्षणी बदलाव्या लागतात. घड्याळाला हे साधणारे नव्हे. आज घराघरांतून दिसणाऱ्या स्वयंचलित छोट्या दुर्बिणी बहुधा याच बैठकीच्या वंशातल्या आहेत.

हौशी लोकांच्या हाती संगणक आला तो १९८७ च्या ‘सेलेस्ट्रॉन कॉम्प्युस्टार’ आणि १९९२ च्या ‘मीड एलएक्स२००’ या दुर्बिणींबरोबर. आज्ञा द्यावयाची ती तारेने जोडलेल्या कळपट्टीवरून. काळोखात त्या तारेत पाय गुंतविण्याचे पुण्य पुष्कळांनी पदरी पाडून घेतले आहे! अखेर तीही गेली. २०१४ साली आलेल्या ‘नेक्सस्टार इव्होल्यूशन’ या दुर्बिणीत वायफाय आतच बसविलेले होते. अशी दुर्बीण आपले बिनतारी जाळे स्वतःच निर्माण करते. इंटरनेट नसलेल्या माळरानावरही फोन तिच्याशी बोलू शकतो. स्थळ आणि वेळ फोनला ठाऊकच असते, ताऱ्यांची सूचीही त्याच्या पोटात असते. आपण दुर्बीण आधी एकदोन ओळखीच्या ताऱ्यांवर नेऊन दाखवावयाची, की उरलेले आकाश ती त्यावरून मांडून घेते.

पुढचा प्रकार तर गमतीचा आहे. २०२० साली निघालेल्या ‘स्टारसेन्स एक्सप्लोरर’ या दुर्बिणींच्या साध्या प्रकारांत मोटारच नाही. नळीवर बसविलेला फोन आपल्या कॅमेऱ्याने तारे ओळखतो आणि पडद्यावर बाण दाखवितो. दुर्बीण ढकलावयाची ती माणसाने. आज्ञा आता वरून फोन देतो, आणि कॅरोलिनच्या जागी आपण उभे!

मात्र फोन नेऊन पोचवितो ते त्याच्या सूचीतल्या ठिकाणी. ही मर्यादा लहान नव्हे. १७८६ च्या उन्हाळ्यात राजाने भेट दिलेली दुर्बीण पोचविण्यासाठी विल्यम जर्मनीस गेला होता. वरून हाक मारणारे कोणी नव्हते. कॅरोलिनने आपली लहानशी दुर्बीण घेतली आणि स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने आकाश विंचरावयास आरंभ केला. १ ऑगस्टच्या रात्री तिला एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो जागेवरून हललेला आढळला. तो धूमकेतू होता, आणि कोणत्याही सूचीत तो नव्हता. पुढे असे आणखी सात तिच्या दृष्टीस पडले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंडांचे वेतन बांधून दिले. ते मात्र भावाची मदतनीस म्हणून.