आधी काम, मग प्रशिक्षण

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात शासनापुढे एक विचित्र प्रश्न होता. देशाला शास्त्रज्ञ हवे होते, तरुण परदेशी जाऊन उच्च शिक्षणही घेत होते. पण परतल्यावर योग्यतेचे काम मिळेल याची खात्री नव्हती. ४ मार्च १९५८ च्या विज्ञान धोरण ठरावात शास्त्रज्ञांना चांगल्या सेवाशर्ती व मानाचे स्थान देण्याची ग्वाही होती. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना सुरू केली. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञाला, अभियंत्याला वा डॉक्टरला कायम नोकरी लागेपर्यंत वेतन मिळे आणि एखाद्या विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत काम करता येई. सोय चांगली, पण ती वाट पाहण्याची. नव्या कायम जागा तिच्यातून निर्माण होत नव्हत्या.

मुंबईजवळ तुर्भे येथे मात्र उलट्या टोकाने सुरुवात झाली. तेथे काम आधीच समोर होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनमधून आले, भट्टीची रचना व उभारणी मात्र इथल्याच अभियंत्यांनी केली. अणुभट्टी म्हटली की भौतिकी, रसायन, धातुशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स अशा अनेक विषयांचे जाणकार एकत्र लागतात. कोणत्याही एका पदवीने ही गरज भागत नाही. म्हणून होमी भाभा यांनी १९५७ मध्ये तेथेच प्रशिक्षणशाळा काढली. विज्ञान व अभियांत्रिकीचे ताजे पदवीधर निवडायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि यशस्वी होणाऱ्यांना तिथेच नेमायचे, अशी पद्धत होती.

यातून आणखी कामे निघाली. भट्टीला किरणोत्सार मोजणारी व नियंत्रण करणारी उपकरणे लागतात. ती इथेच बनवता बनवता जे कौशल्य जमा झाले, त्यातून १९६७ मध्ये ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादला ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ उभी राहिली. पुढे तेथे संगणकही तयार झाले.

अर्थात, या मार्गाला मर्यादा होत्या. अणुऊर्जेत काम देणारे आणि काम घेणारे, दोन्ही शासनच होते. इतर क्षेत्रांत तसे नव्हते, आणि तेथून तरुण परदेशी जातच राहिले.

“एम. एस्सी. करून पुढे काय?” असे विद्यार्थी आपल्याला विचारतात. हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नाही, हे या इतिहासावरून दिसते. पदव्या वाढवणे तुलनेने सोपे असते. त्या पदव्यांना पुरेल असे अवघड काम देशात काढणे, ही धोरणाची खरी कसोटी.