कम्प्युटर सुरू केल्यावर केबलचं नेट का लागत नाही?

भूमसारख्या तालुक्याच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र उघडलं की दारात माणसं उभीच असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाच्या पीक विम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस असतो. नेमका तेव्हाच कम्प्युटर सुरू होतो, पण केबलचं नेट लागत नाही. दरवेळी दोष कंपनीचा नसतो.

असं का होतं?

सुरू झाल्यावर कम्प्युटर राउटरकडे आयपी पत्ता मागतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. लाइट जाऊन आली की सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. एसएसडी असलेला कम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला मात्र काही मिनिटं लागू शकतात. मधे स्विच असेल तर घोळ वाढतो, कारण स्विच लगेच जागा होतो आणि कम्प्युटरला लाइन जोडलेली दिसते. पत्ता द्यायला कुणीच नसल्याने विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावर इंटरनेट चालत नाही.

काय तपासायचं?

१. केबलच्या खाचेजवळचा दिवा बघा. तो बंद असेल तर केबल, तिची तुटलेली क्लिप किंवा पोर्ट तपासा. दुसरी केबल लावून बघा.

२. दिवा चालू असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. पत्ता १६९.२५४ चा असेल तर राउटर पूर्ण सुरू होऊ द्या. मग केबल काढून दहा सेकंदांनी परत लावा. कम्प्युटर नव्याने पत्ता मागतो.

३. तरी जमलं नाही तर 'रीस्टार्ट' करा. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे 'शट डाउन' केल्यावरही सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

४. पत्ता बरोबर आहे, पण वेबसाइट सुरक्षेची सूचना देते? कम्प्युटरची तारीख बघा. ती मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलेला असू शकतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो.

रोजची सवय

आधी राउटर, मग स्विच, शेवटी कम्प्युटर सुरू करा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर लाइट गेली तरी तो चालू राहतो आणि हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही.